पाण्याची बाजू

चतुर्थी होऊन तीन आठवडे झाले.
अंगणातली पायरी तापायला लागली,
आणि तळघरात पाणी
आत्ता कुठे यायला लागलं.

मळ्यातली घरं अशीच बसलेली,
पाठ आल्तिनोच्या डोंगराला टेकून,
पाय ओरेंच्या खाडीकडे सोडून.
मी खाली वह्या बांधते.
हजेरीपुस्तकं, सोसायट्यांची रजिस्टरं,
एका चॅपेलची मयतांची वही,
जिची शेवटची वीस पानं
आता एकच पान झाली आहेत.

भिंतीला तीनदा रंग दिला.
दुकानदार म्हणाला, पाणी अडवणारा रंग.
अडवलं त्याने. भिंतीच्या पोटात.
मग एका रात्री पापुद्रा फुगला
तेलातल्या पुरीसारखा,
बोट लावलं तर ओंजळभर निघालं.

इनास पेद्रेर आला तो थापीशिवाय.
खिशात पेन्सिल आणि चिकटपट्टी.
वह्यांना घालायचं प्लॅस्टिक मागितलं,
भिंतीवर चारी कडांनी चिकटवलं.
दोन दिवस हात लावू नका.
बघू घाम कोणाला येतो,
तुमच्या हवेला की माझ्या भिंतीला.
(‘माझ्या’ म्हणाला. तेव्हा लक्षात आलं नाही.)

थेंब प्लॅस्टिकच्या आतल्या अंगाला.
म्हणजे भिंतीला.

मग कोपऱ्यातल्या पाण्याला पेन्सिलीची रेघ.
भरतीला एक, ओहोटीला एक.
दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या.
तरी त्याने बोट बुडवलं, हुंगलं,
आणि मी ‘अरे’ म्हणेपर्यंत जिभेला लावलं.
गोड, म्हणाला. खाडी न्हय.
उदक वयल्यान येता.

म्हणून आत काही फोडलं नाही. मागे खणलं,
स्वयंपाकघर आणि डोंगर यांच्यामधल्या
अडीच हात बोळात,
जिथे माझ्या बापाची लॅम्ब्रेटा उभी असायची.
सिमेंटखाली फुटकी कौलं,
कौलांखाली बाटलीचा हिरवा गळा,
आणि त्याच्याही खाली चिऱ्यांची चारी,
घडीव, रस्त्याकडे उतरत गेलेली,
मातीने गच्च.

स्कूटरला जागा हवी
म्हणून पाण्याची वाट बुजवली होती.
मी चौथीत होते. त्या दिवसाचं मला
ओल्या सिमेंटवर उठलेलं माझं पाऊल आठवतं
आणि खाल्लेला मार.

इनास फुटलेला तुकडा उन्हात फिरवून
थापीची वळणं बघत राहिला.
हा माझ्या बापायचा हात.
चाळीस वर्षं. एक तडा नाही.
चांगलं काम, म्हणाला. जागा चुकली.

आठ दिवस लागले.
चारी उपसली. तळाशी भोकांचा पाइप,
भोकं खाली तोंड करून,
त्याभोवती खडी, खडीला गाळणीचं कापड.
पन्हळ भिंतीच्या पायावरच ओतत होती,
तिला कोपर जोडून लांब नेलं.
आत एक खड्डा, खड्ड्यात पंप,
पंपाला बॅटरी,
कारण वीज नेमकी तेव्हाच जाते.
रंग खरवडला. चिरे उघडे ठेवले.
वर्षभर यांना काही फासू नका,
कपाटं वीतभर पुढे ओढा,
आणि दर मे महिन्यात चारीतली पानं काढा.
तुम्ही काढा. गड्यावर सोपवू नका.

यंदा चतुर्थी होऊन तीन आठवडे झाले.
रात्री दिवा मालवला की
घरामागून कोणी चालत जातं,
न थांबता, दार न वाजवता.
पंप अजून एकदाही बोलला नाही.
मी मात्र रोज खाली जाऊन
त्याचं तरंगतं बोंडूक बोटाने उचलते,
घुर्र ऐकते, सोडते.

चॅपेलच्या वहीची पानं वाफेवर सोडवली.
वीसातली सतरा सुटली.
खळ सुकेपर्यंत वहीवर वजन लागतं,
त्याला तो सिमेंटचा तुकडा ठेवला आहे,
थापीची वळणं वरच्या बाजूला.